उरलेली फळी आणि नदीतले सोने



सोन्याचा विषय निघाला की मन सराफ्याकडे, तिजोरीकडे किंवा फार तर राष्ट्राच्या गंगाजळीकडे धावते. ज्या फळीवर ते सोने मातीपासून प्रथम वेगळे होते, त्या फळीकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती फळी पुष्कळदा एखाद्या इमारतीच्या कामावरून उरलेली असते. सेंटरिंगच्या दोन-तीन फळ्या, गिलाव्याखाली ठोकायची लोखंडी जाळी, कोणी तरी टाकून दिलेल्या गालिच्याचा तुकडा, रंगाची रिकामी बादली, वाळू चाळायची चाळण आणि एक घमेले. एवढ्या सामानावर आज जगातील फार मोठा श्रमिक वर्ग पोट भरतो. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या अंदाजानुसार दीड ते दोन कोटी माणसे सत्तरांहून अधिक देशांत अशा हातच्या साधनांनी सोने काढतात, आणि जगात दरवर्षी खाणींतून निघणाऱ्या सोन्यापैकी सुमारे एक पंचमांश सोने त्यांच्या हातून येते. एवढे उत्पादन करणारा वर्ग बहुतेक देशांच्या दप्तरी मात्र एक तर नसतोच, किंवा असलाच तर आरोपी म्हणून असतो.

हे साधन चालते कसे, हे आधी नीट पाहिले पाहिजे. कारण पुढचे सारे राजकारण त्या साधेपणातूनच निघते. सोन्याचे विशिष्ट गुरुत्व १९.३ आहे, साध्या वाळूचे सुमारे २.६५. म्हणजे सारख्याच आकाराचे दोन कण घेतले तर सोन्याचा कण वाळूच्या कणाच्या सातपटींहून अधिक जड. पाण्याच्या प्रवाहात वाळू वाहून जाते आणि सोने तळाशी बसते, ते याच कारणाने. तीन फळ्यांची एक उघडी पन्हळ करावयाची, तिला फुटामागे सुमारे एक इंच उतार द्यावयाचा आणि तळाशी आडव्या पट्ट्या ठोकावयाच्या. पाणी प्रत्येक पट्टीवर अडखळते, तिच्या मागे लहानसा भोवरा धरते, आणि त्या भोवऱ्यात हलके ते वर उचलले जाऊन पुढे जाते, जड ते खाली दबते. पट्ट्यांच्या खाली गालिचा अंथरला की त्याच्या केसाळ पृष्ठात बारीक कण अडकून राहतात. पट्ट्यांऐवजी गिलाव्याची शंकरपाळ्यासारखी ताणलेल्या पत्र्याची जाळी टाकली तर आणखी बरे, कारण तिच्या प्रत्येक डोळ्याची कड किंचित तिरपी उभी असते आणि प्रत्येक कडेमागे एक भोवरा तयार होतो. भिंतीला गिलावा धरून राहावा म्हणून जी कड कारखान्यात तिरपी केली, तीच कड येथे सोने धरून ठेवते. छपराची पावसाळी पन्हळ, नालीदार पत्रा, पाइपचा उभा चिरलेला तुकडा यांचाही असाच उपयोग होतो. दिवस संपताना पाणी थांबवून गालिचा बादलीत धुतात आणि खाली बसलेली काळी जड रेती घमेल्यात घेऊन हलक्या हाताने फिरवितात. काळी रेती लोहयुक्त असते व साध्या वाळूपेक्षा जड असते, म्हणून ती शेवटपर्यंत सोन्याची पाठ सोडत नाही. या शेवटच्या टप्प्यावरच पुढे सारा अनर्थ घडतो. त्याकडे नंतर येऊ.

उतार थोडा अधिक झाला की बारीक सोने वाहून जाते. थोडा कमी झाला की पट्ट्यांमागे वाळू घट्ट बसते आणि सोन्याला जागाच उरत नाही. पाणी किती सोडावे, माती किती वेगाने टाकावी, गालिचा किती वेळाने धुवावा, हे ज्ञान कोणत्याही पदविकेच्या अभ्यासक्रमात शिकविले जात नाही. ते हाताला असते. साधन भंगारातून उभे राहिले म्हणून त्यामागची विद्याही भंगार आहे, असे समजण्याची चूक शिक्षित समाज नेहमी करतो.

ही विद्या आजची नव्हे. कॉकेशस पर्वतातील लोक सच्छिद्र लाकडी पन्हळी आणि मेंढीची लोकरी कातडी वापरून ओढ्यांतले सोने पकडतात, असे ग्रीक भूगोलवेत्ता स्त्राबो याने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवले, आणि सोनेरी लोकरीच्या दंतकथेचा उगम तेथेच असावा असेही सुचविले. १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या आग्रिकोलाच्या खाणशास्त्रावरील लॅटिन ग्रंथात फळ्यांच्या पन्हळी आणि त्यांवर पसरलेली कापडे-कातडी यांची चित्रे आहेत. मेंढीच्या कातड्याच्या जागी गालिच्याचा तुकडा आला, एवढाच काय तो फरक.

कॅलिफोर्नियाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते, परंतु बहुधा अर्धीच. २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शल याला सोने दिसले ते खाणीत नव्हे, बांधकामावर. लाकूड कापण्याची गिरणी उभारणे चालू होते आणि तिच्या चाकाखालून पाणी बाहेर काढणाऱ्या चरात ते कण चमकले. त्यानंतर जे हजारो लोक आले त्यांचे हत्यार म्हणजे एक पसरट भांडे आणि लाकडी पाळणा: पेटीच्या फळ्या, वर भोके पाडलेला पत्रा, आत किंतानाचा पडदा, खाली दोन वाकडी लाकडे. एकाने माती टाकावी, दुसऱ्याने पाणी ओतीत झुलवावे. ज्याच्याजवळ चार फळ्या व खिळे होते तो स्वतःचा मालक होता. ही अवस्था फार तर चार-पाच वर्षे टिकली. १८५३ च्या सुमारास जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने डोंगरच्या डोंगर फोडण्याची पद्धत आली. तिला मैलोगणती कालवे, लोखंडी नळ आणि भांडवल लागे. मग कालचा मालक त्याच डोंगरावर रोजंदारीने उभा राहिला. सोने तेच, नदी तीच. साधन महाग झाले आणि मालकी बदलली. दऱ्यांतून वाहत आलेल्या गाळाने खालच्या खोऱ्यातील शेते गाडली गेली, तेव्हा शेतकरी न्यायालयात गेले आणि १८८४ मध्ये नद्यांत गाळ सोडण्यास बंदी झाली. पट्ट्यांमागे सोने धरण्यासाठी ओतलेला पारा मात्र त्या नद्यांच्या गाळात आजही सापडतो.

आणखी एक गोष्ट. १८५० मध्ये कॅलिफोर्नियाने परदेशी खाणकामगारांवर महिना २० डॉलरचा कर बसविला. तो पुढल्या वर्षी मागे घ्यावा लागला, पण १८५२ मध्ये कमी दराने पुन्हा आला, आणि त्याचा भार मुख्यतः चिनी कामगारांवर पडला. गोऱ्यांनी धुऊन सोडून दिलेली वाळू हे चिनी लोक त्याच लाकडी पाळण्यांतून पुन्हा धूत आणि त्यातून सोने काढीत. दुसऱ्याने टाकलेल्या वस्तूतून दुसऱ्याने टाकलेले सोने काढावयाचे, आणि वर त्यासाठी दंड भरावयाचा! गरिबाच्या उद्योगाकडे पाहण्याची सत्तेची दृष्टी तेव्हापासून फारशी निवळलेली दिसत नाही.

आता फिलिपाइन्सकडे वळू. लुझॉन बेटाच्या उत्तरेकडील डोंगराळ बेंगेट प्रांतात इगोरोट लोक स्पॅनिश सत्ता येण्याच्या आधीपासून सोने काढीत आले आहेत. १९०३ मध्ये तेथे अमेरिकन भांडवलाची मोठी कंपनी स्थापन झाली आणि पूर्वजांचे डोंगर तिच्या हक्काच्या नकाशात गेले. तरीही कंपनीच्या बोगद्यांच्या आसपास, कधी तिच्या परवानगीने, बरेचदा परवानगीवाचून, लहान खाणकामगारांचे बोगदे चालूच राहिले. खडक हाताने फोडावयाचा, पोत्यांतून वर आणावयाचा, लोखंडी गोळे वा सळ्या घातलेल्या फिरत्या पिंपात दळावयाचा आणि तो भुकटा फळ्यांच्या उतरत्या पन्हळीवरून कापडावर धुवावयाचा. तेथे 'सागाओक' नावाची एक प्रथा सांगितली जाते: समृद्ध खडक लागला की मागावयास येणाऱ्या स्त्रिया, वृद्ध आणि ज्यांना बोगद्यात उतरता येत नाही अशांना त्यातला वाटा द्यावयाचा. समाजवादाची व्याख्या न वाचलेल्या माणसांनी ती आचरणात आणलेली आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण मोह आवरलेला बरा. प्रथा पोट भरते, हक्क देत नाही.

बेंगेटचे खरे महत्त्व वेगळ्याच गोष्टीत आहे. जगभर लहान खाणकामगार घमेल्यातील शेवटच्या काळ्या रेतीत पारा मिसळतात. पारा सोन्याला चिकटतो, त्याचा गोळा होतो, तो गोळा विस्तवावर धरला की पारा वाफ होऊन उडतो आणि सोने मागे राहते. उडालेली वाफ गोळा धरणाऱ्याच्या, आणि पुष्कळदा त्याच खोलीत निजलेल्या मुलाच्या, फुफ्फुसात जाते व तेथून मज्जासंस्थेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या हिशेबाप्रमाणे २०१५ मध्ये मानवी उद्योगांतून सुमारे २,२०० टन पारा हवेत गेला. त्यातील सुमारे ३८ टक्के वाटा एकट्या लहान सोनेकामाचा होता. कोळशाच्या वीजकेंद्रांपेक्षाही हा आकडा मोठा आहे.

बेंगेटमधील हजारो खाणकामगार मात्र गेल्या शतकापासून पाऱ्याऐवजी टाकणखार वापरीत आले आहेत. आपल्या सोनारांच्या परिचयाचाच हा पदार्थ. सोने १,०६४ अंश सेल्सिअसला वितळते. टाकणखार मिसळला की इतर खनिजे कमी तापमानाला पातळ होतात, त्याच्या काचेत विरघळून वर तरंगतात आणि सोन्याचा मणी तळाशी उतरतो. कोळशाची शेगडी आणि भाता एवढ्यावर हे भागते. पण त्यात एक अट आहे. शेगडीवर जाणारी रेती अगदी थोडी आणि सोन्याने समृद्ध असली पाहिजे. म्हणजे आधीचे धुण्याचे काम चोख हवे. म्हणजे पुन्हा ती फळी, तो उतार, ते कापड. पन्हळ नीट बसविली तर पाऱ्याची गरजच उरत नाही, आणि पन्हळ नीट बसविण्याला पैशापेक्षा शिक्षणाची गरज अधिक असते. जगातील तज्ज्ञमंडळींना हे कळावयास एक पिढी लागली.

जेथे पारा लगेच सुटत नाही, तेथेही बांधकामाच्या दुकानातली वस्तू कामास येते. नळजोडणीचे लोखंडी तुकडे, म्हणजे एक टोपण, एक कोपरा आणि हातभर नळी, एकमेकांत फिरवून बसविले की बकपात्र तयार होते. पाऱ्याचा गोळा बंद टोकात तापतो, वाफ नळीतून जाऊन थंड होते आणि पारा पाण्याच्या भांड्यात परत मिळतो. संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेने या शतकाच्या पहिल्या दशकात अनेक देशांत अशा साध्या बकपात्रांचा प्रसार केला. नीट वापरल्यास नव्वद टक्क्यांहून अधिक पारा परत मिळतो. जस्ताचा मुलामा दिलेले तुकडे असतील तर ते आधी उघड्यावर, वाऱ्याच्या उलट बाजूस उभे राहून, रिकामेच तापवून मुलामा जाळून टाकावा लागतो. जस्ताचा धूरही विषारीच. एवढी एक सूचना न देता नळाचे तुकडे वाटीत सुटणे ही परोपकाराची नव्हे, निष्काळजीपणाची जात आहे.

उरलेल्या वस्तूंतून काम भागविण्याच्या या कौशल्याचे हल्ली कौतुक फार होते. गरिबांच्या कल्पकतेवर परिसंवाद होतात. त्या कौतुकात एक धोका दडलेला आहे, आणि तो नायजेरियातील झामफारा राज्याने २०१० मध्ये जगाला दाखवून दिला. सोन्याचे भाव चढले, शेतकरी खडक फोडू लागले. खडक दळावयास यंत्र हवे, तर जवळ होती ती धान्य दळण्याची गिरणी. तीच वापरली. पण त्या खडकात सोन्याबरोबर शिसेही मोठ्या प्रमाणात होते. गिरण्यांच्या धुळीने अंगणे, विहिरी, अंथरुणे भरून गेली. पाच वर्षांखालील मुले झटके येऊन मरू लागली. मलेरिया समजून उपचार झाले. रक्ताची तपासणी होऊन शिसे सापडेपर्यंत आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत ४०० हून अधिक मुले दगावली. त्या मातापित्यांच्या कल्पकतेत काहीच कमी नव्हते. कमी होते ते खडकाचा एक नमुना तपासून 'हे घराजवळ दळू नका' असे सांगणारे सरकारी माणूस. जुगाडाचे पोवाडे गाणाऱ्यांनी ही गावे विसरू नयेत. श्रमिकाने हाताला येईल त्या वस्तूतून यंत्र उभे केले, याचा अर्थ राज्यसंस्थेचे कर्तव्य संपले असा होत नाही.

राज्यसंस्था मग करते काय? फिलिपाइन्सने १९९१ मध्ये लहान खाणकामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. 'लोकांचे खाणक्षेत्र' घोषित करावे, तेथे परवाने द्यावेत, सोने मध्यवर्ती बँकेने विकत घ्यावे, अशी त्याची चांगली रचना. क्षेत्रे घोषित होण्याचे काम मात्र इतके रखडले की तीन दशके उलटली तरी बहुसंख्य कामगार परवान्याविनाच राहिले. त्यात २०११ मध्ये बँकेला विकल्या जाणाऱ्या सोन्यावर एकूण सात टक्के कर कापला जाऊ लागला. परिणाम शाळकरी मुलालाही सांगता आला असता: लहान खाणींचे सोने बँकेत येणे जवळजवळ थांबले, नव्वद टक्क्यांहून अधिक घट झाली, आणि ते सोने चोरवाटांनी व्यापाऱ्यांकडे गेले. सात टक्के वसूल करावयास निघालेल्या सरकारच्या हाती त्या सात टक्क्यांचेही फारसे काही लागले नाही. २०१९ मध्ये नवा कायदा करून हा कर माफ करण्यात आला. पण माफी नोंदणीकृत खाणकामगारांना! ज्याची नोंदणीच रखडली आहे, त्याच्या सोन्याचा भाव आजही बोगद्याच्या तोंडाशी उभा असलेला सावकार-व्यापारी ठरवितो. तांदूळ, विजेऱ्या, भुकट्याचे दळण, सारे त्याने उधार दिलेले असते.

१५ सप्टेंबर २०१८ रोजी मांगखुत वादळाच्या पावसात बेंगेटमधील इतोगोन येथे डोंगर खचला. खाणवस्तीतील एका जुन्या इमारतीत आसऱ्याला गेलेले खाणकामगार व त्यांची कुटुंबे त्याखाली गाडली गेली; मृतांची संख्या अनेक दशकांत मोजावी लागली. शासनाने काय केले? त्या संपूर्ण डोंगरी प्रदेशातील लहान खाणकाम थांबविण्याचा हुकूम काढला. सुरक्षित निवाऱ्याचा हुकूम त्यापूर्वी कित्येक वर्षे काढता आला असता.

आंतरराष्ट्रीय कायद्याचीही थोडी विचारपूस करणे भाग आहे. मिनामाता या जपानी गावाच्या नावाने झालेला पाऱ्याविषयीचा करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि १६ ऑगस्ट २०१७ पासून अमलात आला. गोळा उघड्यावर जाळू नये, वस्तीत जाळू नये, सगळ्या खडकात सरसकट पारा मिसळू नये, पारामिश्रित उरल्या मातीला सायनाइड लावू नये, हे बंद करण्याचे उपाय राष्ट्रीय आराखड्यांत घालण्याची अट त्यात आहे. चारही गोष्टी योग्य आहेत. परंतु आराखडे राजधानीत लिहिले जातात, आणि त्यांबरोबर परदेशी बनावटीची महाग यंत्रे खाणीपर्यंत येतात. यंत्राचा पट्टा ज्या दिवशी तुटतो त्या दिवशी नवा पट्टा कोठून आणावयाचा? फळी तुटली तर शेजारच्या बांधकामावर मिळते. साधनाची निवड करताना हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे, आणि तो वापरणाऱ्यालाच विचारला पाहिजे.

आपल्याकडे हा प्रश्न दूरचा वाटतो, पण तो तसा नाही. झारखंडातून वाहणाऱ्या सुवर्णरेखेच्या वाळूत आदिवासी कुटुंबे, त्यांतही मुख्यतः स्त्रिया, लाकडी पात्रांनी आजही सोन्याचे कण धुतात. कोलारच्या इंग्रजी खाणींचा इतिहास १८०२ मध्ये लेफ्टनंट वॉरन याने गावकऱ्यांना माती धुऊन सोने काढताना पाहिले तेथून सुरू होतो. त्या गावकऱ्यांच्या हाती पुढे काय राहिले ते सर्वश्रुत आहे. खाणीही २००१ मध्ये बंद झाल्या. आणि मराठी भाषेत तर 'झारेकरी' हा स्वतंत्र शब्दच आहे. सोनारांच्या दुकानातली राख, केर, गटाराचा गाळ धुऊन सोन्यारुप्याचे कण वेचणारा तो झारेकरी. त्याच्याही हाती घमेलेच असते.

१९५७ च्या खाणी व खनिजे कायद्यात सोने हे पहिल्या परिशिष्टातील मोठे खनिज आहे. २०१५ च्या दुरुस्तीने अशा खनिजांचे पट्टे लिलावाने देण्याचा सर्वसाधारण नियम घातला. लिलावात बोली लावावयाची तर कंपनी हवी, अनामत हवी, भूगर्भीय अहवाल हवा. हाताने सोने धुणाऱ्यांचा वेगळा वर्ग त्या कायद्याने मानलेला नाही. म्हणून सुवर्णरेखेच्या पात्रात गुडघाभर पाण्यात दिवसभर उभी राहणारी बाई जे करते त्याला कायद्याच्या भाषेत नाव नाही. नाव नाही म्हणून तिच्या कामाची नोंद नाही. नोंद नाही म्हणून सहकारी संस्था नाही, ठरलेला भाव नाही, आणि सायंकाळी कण तोलावयाचा काटा असतो तो गावातल्या व्यापाऱ्याचा.